हिवाळा कधीपासून धरायचा: १ डिसेंबर, २१ डिसेंबर की मार्गशीर्ष?

गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर पहाटे पेल्यातल्या धारोष्ण दुधाची वाफ दिसायला लागली, की आम्ही कोल्हापूरकर म्हणतो, थंडी आली. पण शाळेच्या हवामान-नोंदवहीत ‘वाफ दिसली’ असं लिहून भागत नाही. तिथं तारीख लागते, आणि तारखा निदान चार आहेत. मी भूगोल शिकवतो, त्यामुळे दरवर्षी हा प्रश्न माझ्यापुढं येतोच.

नोंदी ठेवायच्या असतील तर १ डिसेंबर सोयीची. उत्तर गोलार्धात हवामानशास्त्रज्ञ डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी असे तीन पूर्ण महिने हिवाळ्याचे धरतात. तारीख हलत नाही, सरासरी काढणं सोपं जातं, एका वर्षाची दुसऱ्याशी तुलना होते. अडचण एकच. आपला भारतीय हवामान विभाग ऑक्टोबर ते डिसेंबर हा काळ मान्सूनोत्तर मानतो आणि हिवाळा जानेवारी-फेब्रुवारीचा. डिसेंबरात स्वेटर घालून, नाक ओढत वर्गात बसलेल्या पोराला ‘हा हिवाळा नव्हे’ असं सांगणं मला जड जातं. म्हणून दर महिन्याची सरासरी वेगळी लिहा, म्हणजे पुढं दोन्हींशी ताळा घालता येतो.

आकाश शिकवायचं असेल तर मात्र अयनदिनाला, म्हणजे २१ डिसेंबरच्या सुमारास सूर्य वळतो त्या दिवसाला, पर्याय नाही. सूर्य मकरवृत्तावर पोचतो, उत्तरायण लागतं, आपल्याकडे दिवस जेमतेम ११ तासांचा होतो. ही तारीख सरकते, कारण ऋतूंचं वर्ष ३६५ दिवस आणि सुमारे पावणेसहा तासांचं आहे. तो क्षण दरवर्षी तेवढा पुढं जातो आणि लीप वर्षाचा जादा दिवस त्याला मागं ओढतो. भारतीय वेळेनं २०२४ मध्ये तो २१ डिसेंबरला दुपारी २:५० ला आला, २०२५ मध्ये २१ तारखेलाच रात्री ८:३३ ला, आणि २०२६ मध्ये २२ डिसेंबरच्या पहाटे २:२० ला. त्याच क्षणी लंडनमध्ये अजून २१ तारखेची रात्र असते. क्षण एकच, पण तारखा दोन.

सूर्याचं हे वळणं कोल्हापूरच्या मुलांना समजवायला माझ्याकडे किरणोत्सवाहून चांगलं उदाहरण नाही. अंबाबाईच्या देवळात मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात ती परंपरेनं ९, १०, ११ नोव्हेंबरला आणि पुन्हा ३१ जानेवारी, १, २ फेब्रुवारीला. पहिल्या दिवशी चरणांवर, मग छातीवर, तिसऱ्या दिवशी मुखावर. १० नोव्हेंबर ते २१ डिसेंबर दिवस मोजा, ४१ भरतात. तिथून १ फेब्रुवारीपर्यंत ४२. दक्षिणेकडं निघालेला सूर्य अयनदिनाला वळतो आणि तेवढ्याच दिवसांत पुन्हा त्याच जागी मावळायला येतो. वहीत ही बेरीज मांडली, की मुलांचे डोळे मोठे होतात. मला तो तास फार आवडतो.

मार्गशीर्ष-पौष म्हणजे हेमंत. ज्या घरात मार्गशीर्षातले गुरुवार करतात, तिथं हाच हिशोब चालतो. पण चांद्रवर्ष ३५४ दिवसांचं, त्यामुळे मार्गशीर्ष २०२३ मध्ये १३ डिसेंबरला लागला, २०२४ मध्ये २ डिसेंबरला आणि २०२५ मध्ये २१ नोव्हेंबरला. २०२६ चा अधिक ज्येष्ठ त्याला पुन्हा डिसेंबरात नेतो. व्रतासाठी हा महिना बरोबर, तापमानाच्या तक्त्यासाठी नाही.

आणि शेतात गहू करायचा असेल तर यातल्या एकाही तारखेची वाट बघू नका. बागायती गव्हाची वेळेवरची पेरणी नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यातली. अयनदिनापर्यंत थांबलात, तर दाणा भरायच्या वेळी ऊन तापतं आणि उतारा घटतो.