आयोवातील गावी फुले पाठवताना: संकेतस्थळ की गावातले दुकान?

अमेरिकेतल्या आयोवासारख्या मका-सोयाबीनच्या राज्यात, दोन-तीन हजार वस्तीच्या गावी फुले पाठवायची असल्यास देशव्यापी संकेतस्थळावर मागणी नोंदवता येते किंवा गावातल्या फूलवाल्याला थेट फोन करता येतो. १९१० साली तारेने मागण्या कळवण्यासाठी सुरू झालेल्या एफटीडीसारख्या, फूलवाल्यांना जोडणाऱ्या जाळ्यांची सोय उघड आहे. पुण्यात बसून मध्यरात्रीही छायाचित्र पाहून पैसे भरता येतात. मात्र गुच्छ बहुधा त्याच किंवा शेजारच्या गावातले दुकान बांधते आणि मधले कमिशन वजा झाल्यामुळे भरलेल्या रकमेच्या मानाने फुले कमीच येतात. काही संकेतस्थळे तर खोक्यात भरून कुरिअरने फुले धाडतात. मग देठ छाटून ती फुलदाणीत लावण्याचे काम, दुःखाच्या घरीसुद्धा, घेणाऱ्याच्याच माथी येते.

फोनवर “ऐंशी डॉलरमध्ये आज ताजे काय आहे?” असे सरळ विचारता येते आणि मेअखेरीस कदाचित जवळपासच्या बागेतली पिओनीही मिळून जाते. अंत्यदर्शनाची फुले फ्युनरल होममध्ये (अंत्यविधीची व्यवस्था पाहणाऱ्या जागी) केव्हा पोचायला हवीत, खडीच्या रस्त्यावरचे शेतघर कोणते, सुगीच्या ऑक्टोबरमध्ये घरी कोणी नसल्यास गुच्छ कोणाकडे ठेवावा, हे गावच्या दुकानाला सहसा ठाऊक असते. अडचण वेळेची आहे: रविवारी अशी दुकाने बहुधा बंद असतात आणि उन्हाळ्यात तिथले सकाळचे १० म्हणजे भारतात रात्रीचे ८:३०. वाढदिवसाला संकेतस्थळ चालून जाईल. अंत्यविधीसाठी मात्र मी फोनच करेन.