‘कमिटी हॅज’ की ‘कमिटी हॅव’? आधी पत्र कुठं जाणार ते बघा

टॉवेलचं कोटेशन सोलापूरहून परदेशी पाठवताना ‘अवर टीम हॅज चेक्ड’ लिहावं की ‘हॅव चेक्ड’, इथं टायपिंग अडतं. व्याकरणात दोन्ही बसतात. वाचणारा कुठला, यावर निवड ठरते.

अमेरिकेत टीम, कंपनी, कमिटी, स्टाफ या सगळ्यांना बहुतेक वेळा इज आणि हॅज. ‘द कंपनी आर’ तिथल्या खरेदीदाराला सरळ चूक वाटेल. ब्रिटनमध्ये दोन्ही रूपं चालतात. ‘द कमिटी हॅज अप्रूव्ह्ड द सॅम्पल’: निर्णय एक, म्हणून एकवचन. ‘द कमिटी आर आर्ग्युइंग ओव्हर द बॉर्डर कलर’: एकाला मरून हवा, दुसऱ्याला निळा. भांडतात ते सदस्य, म्हणून अनेकवचन. क्रिकेट समालोचनातलं ‘इंग्लंड आर 200 फॉर 3’ याच ब्रिटिश सवयीतलं.

आपल्या कानाला एकवचन जवळचं. ‘समिती बसली’, ‘मंडळ ठरवेल’ असंच आपण बोलतो. शंका असेल तिथं तेच ठेवा; लंडनच्या पत्रातही ते चुकीचं ठरत नाही. अनेकवचनाचा अर्थ हवाच असेल तर ‘द मेंबर्स ऑफ द कमिटी आर’ लिहा, दोन्हीकडे खपतं.

खरी फजिती होते ती अर्ध्या वाक्यात रूप बदलल्यावर. ‘द फर्म हॅज डिस्पॅच्ड देअर फर्स्ट लॉट’ यात हॅजच्या मागे देअर आला. बोलताना कोणी अडवत नाही, पण व्यवहाराच्या पत्रात ‘इट्स’ हवं. जोडणाऱ्या शब्दाचंही तसंच: एकवचनाला ‘व्हिच हॅज’, अनेकवचनाला ‘हू हॅव’. फर्मच्या नावात ‘मिल्स’ किंवा ‘टेक्स्टाइल्स’ असलं म्हणून क्रियापद अनेकवचनी करायला जाऊ नका, फर्म एकच आहे. (अमेरिकी खेळांत उलटं: संघाला शहराच्या नावानं म्हटलं तर ‘बॉस्टन इज’, पण संघाचं नावच अनेकवचनी असेल तर ‘द यांकीज आर’.)

पोलिसांपुरता वाद नाही. मराठीत ‘पोलीस आले’, तसं इंग्रजीत दोन्ही देशांत ‘द पोलीस आर’. ‘पोलीस हॅज’ कुठंच चालत नाही.

‘नंबर’कडे मात्र नीट बघा. ‘अ नंबर ऑफ लूम्स आर आयडल’ म्हणजे बरेच माग बंद आहेत. ‘द नंबर ऑफ लूम्स हॅज फॉलन’ म्हणजे मागांचा आकडा घटला. अ असेल तर अनेकवचन, द असेल तर एकवचन.