मे महिन्यातलं सायन्स वर्कशॉप, पोरांना घालावं का?
गुहागरला माहेरी गेले होते तेव्हा लेकीला चार दिवसांच्या सायन्स वर्कशॉपला घातलं, म्हटलं ज्वालामुखी-बिलामुखी करतील झालं. पण पहिल्याच दिवशी पोरांना घरच्या विहिरीचं पाणी बाटलीतून आणायला लावलं, त्यात सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाकले (पाण्यात मीठ असेल तर ते पांढरं होतं) आणि किनाऱ्याकडच्या विहिरींचं पाणी एकदम दुधासारखं पांढरं, वरच्या वाडीतलं जेमतेम गढूळ. मग टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजायचं यंत्र), पिण्याच्या पाण्यात त्या क्षारांची लिटरला 500 मिलिग्रॅमची मर्यादा, उपसा वाढला की समुद्राचं खारं पाणी आत कसं सरकतं वगैरे. घरी येऊन लेक म्हणते, मामा, पंप दिवसभर कशाला चालू ठेवतोस? मामा गप्प!! फी जास्तच वाटली, पंखा एकच. आणि हातमोजे सगळ्यांना नव्हते, लेकीच्या बोटांवर सिल्व्हर नायट्रेटचे काळे डाग पडले ते काही दिवस गेलेच नाहीत.