लाल खुणा दाखवून पैसे उकळणारे ‘स्पीड-अप’वाले

जुना कॉम्प्युटर रखडायला लागला की माणूस गूगलवर ‘पीसी फास्ट कसा करायचा’ असं टाकतो. वरच्या लिंका बहुधा जाहिराती असतात. तिथला ‘मोफत स्कॅन’ उतरवला की मिनिटभरात शेकडो एरर लाल अक्षरांत हजर. दुरुस्तीचं बटण दाबलं की पैशाचं पान उघडतं. नाहीतर स्क्रीनभर इशारा येतो, भोंगा वाजतो आणि खाली फोन नंबर. तो लावला की पलीकडचा गोड बोलून एनीडेस्क (दुरून मशीन चालवू देणारं ॲप) टाकायला लावतो आणि त्यावरचा आकडा विचारतो. आकडा सांगून ‘ॲक्सेप्ट’ दाबलं की माउस त्याच्या हातात.

पुढचे ‘पुरावे’ ठरलेले असतात, आणि ते धडधाकट मशीनवरही जसेच्या तसे दिसतात. आधी इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची नोंदवही, उघडतात. तिथे लाल-पिवळ्या खुणांची रांग असते, कारण विंडोज बारीकसारीक अडचणही नोंदवून ठेवतं. नव्या लॅपटॉपवरही दोन-चार दिवसांत ती रांग लागते. मग सर्व्हिसेसच्या (पडद्यामागे चालणाऱ्या प्रोग्रामच्या) यादीतले ‘स्टॉप्ड’ दाखवून घाबरवतात. वास्तविक गरज नसलेल्या सर्व्हिसेस थांबलेल्याच बऱ्या.

त्यानंतर कमांड प्रॉम्प्टच्या काळ्या खिडकीत ‘ट्री’ ही फोल्डरांची यादी दाखवणारी कमांड. फोल्डरांची नावं धबाधबा खाली पळतात आणि बघणाऱ्याला स्कॅन चालल्यासारखं वाटतं. नावं पळत असतानाच तो माणूस गुपचूप टाइप करत असतो, म्हणून यादी थांबताक्षणी शेवटच्या ओळीत ‘व्हायरस फाउंड’ उमटतं. सगळ्यांत बेरकी ‘असोक’ (assoc) कमांड, म्हणजे कोणती फाइल कशाने उघडते त्याची यादी. ‘८८८डीसीए६०’ने सुरू होणारा लांबलचक क्रमांक तो ‘तुमच्या मशीनचा लायसन आयडी’ म्हणून आधी वाचून दाखवतो आणि मग स्क्रीनवर जुळवून देतो. जुळणारच! तो विंडोजमधल्या झिप फोल्डरच्या सोयीचा क्रमांक आहे, शेजाऱ्याच्या मशीनवरही तोच सापडेल.

हे फक्त फोनवरचे भामटे करतात असं नाही. अमेरिकेत ऑफिस डेपो या मोठ्या दुकानसाखळीत ‘पीसी हेल्थ चेक’ करून देत. त्यात सुरुवातीला चार प्रश्न असत: मशीन मंद झालंय का, वारंवार बंद पडतं का, असे. एकावर जरी टिक केली तरी निकालात मालवेअरची लक्षणं निघत, स्कॅनमध्ये काही सापडो न सापडो. २०१९ मध्ये ग्राहकांचं हित बघणाऱ्या तिथल्या फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेशी तडजोड करताना ऑफिस डेपो आणि सॉफ्टवेअर पुरवणारी सपोर्ट डॉट कॉम यांना मिळून साडेतीन कोटी डॉलर भरावे लागले.

विकत घेतलेलं सॉफ्टवेअर तरी काय करतं? रजिस्ट्रीतल्या (विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यातल्या) जुन्या नोंदी पुसून वेगात जाणवण्याइतका फरक पडत नाही, चुकीची नोंद गेली तर मात्र एखादा प्रोग्राम बंद पडतो. ‘रॅम बूस्टर’ तर उलटंच काम करतो: चालू प्रोग्रामची माहिती रॅममधून हार्ड डिस्कवर ढकलतो. मोकळ्या रॅमचा आकडा फुगतो आणि पुढच्या क्लिकला तीच माहिती संथ डिस्कवरून परत आणावी लागते.

फुकटात होणारं काम असं. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा. ‘डिस्क’चा रकाना सतत १०० टक्क्यांवर असेल तर कोणता प्रोग्राम ती खातोय ते तिथेच दिसतं. ‘स्टार्टअप’मध्ये अपडेटर, चॅटची ॲप्स, प्रिंटरची मदतनीस ॲप्स डिसेबल करा, अँटिव्हायरस सोडून. दोन अँटिव्हायरस असतील तर एक काढा. सेटिंग्जमधल्या स्टोरेजमधून टेम्पररी फाइल्स उडवा, पण ‘डाउनलोड्स’वर टिक नाही ना ते आधी बघा. सी ड्राइव्हवर १५-२० टक्के जागा मोकळी राहू द्या. लॅपटॉप सुरुवातीला बरा आणि पंधरा मिनिटांनी मंद होत असेल तर बहुधा पंख्यात धूळ साचलेली असते. गरम झाला की प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो.

ॲक्सेस आधीच दिला असेल तर प्रथम इंटरनेट तोडा. एनीडेस्क काढा, पासवर्ड दुसऱ्या मशीनवरून बदला, महत्त्वाच्या फाइल्स बाजूला काढून विंडोज नव्याने टाका. पैसे गेले असतील तर लगेच बँकेला आणि सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन करा. ओटीपी आपणच सांगितला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान आपल्या माथी येतं, कळवल्यानंतरचं बँकेच्या. विंडोज ७ असेल तर आणखी एक धोका: हे लोक विंडोजमधल्याच ‘सिस्की’ या सोयीने मशीन सुरू होतानाच विचारला जाणारा पासवर्ड लावून ठेवतात आणि तो उघडायचे वेगळे पैसे मागतात. विंडोज १० मधून ती सोय २०१७ च्या अपडेटमध्ये काढून टाकली.

काही महिन्यांनी ‘कंपनी बंद होतेय, तुमचा रिफंड देतो’ असा फोन येऊ शकतो. फोन करणारा तुम्हाला नेटबँकिंग उघडायला लावतो आणि ब्राउझरमध्येच पानावरची शिल्लक बदलून दाखवतो. दोन हजारांऐवजी वीस हजार ‘चुकून’ जमा झालेले दिसतात आणि तो वरचे अठरा हजार रडवेल्या आवाजात परत मागतो. एफ ५ दाबून पान पुन्हा उघडलं की शिल्लक होती तेवढीच दिसते.