काठमांडूत आलेल्या परदेशी फौजांची मदत : एका गलाईवाल्याचा अभिप्राय

मार्च २०२५ मध्ये म्यानमारला भूकंप झाला, आपल्या सैन्याचं रुग्णालय मंडालेला गेलं, तेव्हा विट्याकडच्या पोरांनी मला विचारलं, "तात्या, २०१५ च्या भूकंपात नेपाळात तुम्हाला ही मदत खरंच मिळाली का, का नुसतं टीव्हीवरच?" मिळाली. हॉटेलाबद्दल, दुकानाबद्दल लोक लिहितात तसं मी या मदतीबद्दल लिहितो. चांगलं तेही आणि खटकलं तेही.

आमचं गाव खानापूर तालुक्यात. काठमांडूत न्यू रोडच्या मागं सोनं गाळायचं दुकान आणि वर राहायची खोली. २५ एप्रिल २०१५ ला शनिवार होता. नेपाळात शनिवारची सुट्टी, म्हणून भट्टी बंद होती. ११ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. फळीवरचा तेजाबाचा कॅन खाली येऊन फुटला, तांब्याच्या तुकड्यांवर सांडला आणि तांबूस धुरानं जिना भरून गेला. मी आईला पाठीवर घेतलं. मंडळीनं दोन्ही पोरांच्या तोंडाला ओला टॉवेल धरला. टुंडीखेलच्या मैदानावर आलो तर रोज दिसणाऱ्या धरहरा मनोऱ्याच्या जागी धूळ उभी होती.

भारतीय हवाई दलाचं पहिलं विमान त्याच दिवशी संध्याकाळच्या सुमाराला उतरलं. अनेकांना हे खोटं वाटतं, पण खरं आहे. आम्ही दोन रात्री पावसात काढल्या आणि तिसऱ्या दिवशी त्रिभुवन विमानतळावर रांगेला लागलो. आईजवळ एकही कागद नव्हता. यादी लिहिणाऱ्या जवानानं तिला एवढंच विचारलं, "आजी, गाव कुठलं?" तिनं गाव, तालुका, जिल्हा सांगितला, त्यानं लिहून घेतला आणि आत सोडलं. विमानात खुर्च्या नव्हत्या. फरशीवर मांडी घालून, पट्ट्याला धरून चौघं दिल्लीला पोचली. एक रुपया लागला नाही. या कामाला मी पैकीच्या पैकी गुण देतो, आणि ते देताना आजही डोळ्यांत पाणी येतं.

मी मागं राहिलो. दुकानात गिऱ्हाइकांचं सोनं होतं, ते टाकून कसा जाणार? नेपाळी आणि हिंदी दोन्ही येत असल्यानं काठमांडूशेजारी लगनखेलला आपल्या सैन्याच्या रुग्णालयात दुभाषा म्हणून जाऊ लागलो. पहिल्याच दिवशी तासगावकडचा एक जवान भेटला. "पाहुणं, तुम्ही इथं कसं?" म्हणत त्यानं मला गरम चहा दिला. चार दिवसांत पोटात गेलेला तो पहिला चहा.

खरी व्यवस्था काय असते ते मला तिथं दिसलं. नेपाळच्या मदतीला ३४ देश आले, त्यातल्या १८ देशांच्या फौजा होत्या. विमानतळाला धावपट्टी एकच आणि मोठ्या विमानांना उभं राहायला नऊ जागा. विमानं आभाळात घिरट्या घालून परत जायची. जड विमानांनी धावपट्टी खचायला लागली, तेव्हा ३ मे पासून १९६ टनांच्या वरची विमानं बंद केली. एवढ्या गर्दीत कोण कुठं जाणार हे नेपाळी सैन्यानं आपल्या हातात ठेवलं. त्यांनी बहुराष्ट्रीय लष्करी समन्वय केंद्र उघडलं, प्रत्येक देशाचा एक अधिकारी तिथं बसवला आणि मुलूख वाटून दिले. आपली हेलिकॉप्टरं पोखऱ्याहून गोरखा जिल्ह्यात, बारपाककडं जायची. चिनी तुकड्या चीनच्या हद्दीकडं जाणाऱ्या अरनिको महामार्गाच्या बाजूला. अमेरिकन हेलिकॉप्टरं पूर्वेला चरिकोटकडं.

आमच्या धंद्यात दोन गिऱ्हाइकांचं सोनं एका मुशीत कधी घालत नाहीत. चिठ्ठी वेगळी, वजन वेगळं. एकदा मिसळलं की कुणाचं किती हे देवालाही सांगता येणार नाही. नेपाळी सैन्याचा एक कॅप्टन रोज लगनखेलला यायचा, त्याच्या वहीत मला हेच दिसलं. रुग्णाचं नाव, जिल्हा, कुठल्या देशाच्या हेलिकॉप्टरनं आणला, कुठल्या रुग्णालयात ठेवला. सिंधुपाल्चोकची एक बाई आपला नवरा शोधत तीन छावण्या फिरून आली होती. कॅप्टननं पानं उलटली, बोट ठेवलं आणि म्हणाला, "दिदी, इस्रायलीहरूकोमा छ." म्हणजे इस्रायलच्या रुग्णालयात आहे. नवरा तिथंच सापडला. मला विचाराल तर सगळ्या मदतीत मोलाची ती वही होती.

आता खटकलेलं. ढिगारे उपसायला इतके देश आले, पण परदेशी पथकांनी जिवंत बाहेर काढलेली माणसं १६, त्यातली ११ आपल्या एनडीआरएफनं, म्हणजे राष्ट्रीय आपत्ती दलानं. बाकी हजारोंना शेजाऱ्यांनी, नेपाळी जवानांनी आणि पोलिसांनी हातानं उपसून काढलं. राजधानीत पथकांची दाटी झाली आणि डोंगरातली गावं वाट बघत राहिली. ढिगारा उपसणारी माणसं पहिल्या दोन-तीन दिवसांत पोचली तरच त्यांचा उपयोग. त्यानंतर हेलिकॉप्टर, हाडांचे डॉक्टर आणि रस्ता मोकळा करणारे इंजिनिअर हवेत. ब्रिटननं पाठवलेली तीन चिनुक हेलिकॉप्टरं दिल्लीपर्यंत आली आणि नेपाळची परवानगी न मिळाल्यानं परत गेली. पंख्यांच्या वाऱ्यानं घरं पडतील ही भीती होती. मला तो निर्णय आजही पटत नाही, पण घर ज्याचं त्यानंच ठरवायचं, हेही मला मान्य आहे.

आणि एक सांगतोच. आपल्याकडच्या एका वाहिनीचा माणूस लेक गेलेल्या बाईच्या तोंडापुढं माईक धरून "कैसा लग रहा है" विचारत होता. दुभाषा म्हणून मला पुढं केलं. मी ते वाक्य नेपाळीत केलं नाही. बाईला पाणी दिलं आणि बाजूला नेलं.

१२ मे ला दुसरा मोठा धक्का बसला. त्याच दिवशी चरिकोटकडं जखमींना आणायला गेलेलं अमेरिकन हेलिकॉप्टर डोंगरात पडलं. सहा अमेरिकन, दोन नेपाळी जवान आणि पाच गावकरी, १३ जण गेले. त्यानंतर कॅप्टन आला तेव्हा त्यानं वही उघडली, पण बराच वेळ काही लिहिलं नाही. आम्ही दोघं तंबूच्या दाराशी नुसते उभे होतो. मग आतून कुणीतरी हाक मारली, नवीन रुग्ण आला होता, आणि त्यानं मला जिल्हा विचारायला सांगितलं.