क्रूझची केबिन निवडताना: सोबत दीड-दोन वर्षांचं मूल असेल तर

क्रूझची चौकशी केलीत की समोरून पहिला प्रश्न येतो, "इनसाइड, सी-व्ह्यू की बाल्कनी?" म्हणजे बिनखिडकीची, समुद्राकडे खिडकी असलेली की बाल्कनीची केबिन. नवरा-बायको दोघंच जाणार असतील तर एवढ्यावर काम भागतं. पण ग्रूपमध्ये आई-बाबा, आजी-आजोबा, एखादी आत्या आणि नुकतंच दुडूदुडू पळायला लागलेलं मूल असेल, तर आधी दुसराच हिशेब मांडावा लागतो. मूल झोपलं की बाकीच्यांनी बसायचं कुठे? दुपारची झोप दीड-दोन तासांची. रात्री आठ-साडेआठला ते पुन्हा झोपणार, आणि बोटीवरचे कार्यक्रम रंगतात तेव्हाच. या सगळ्या वेळात एक तरी मोठं माणूस केबिनमध्ये लागतंच. त्याने अंधारात चिडीचूप बसायचं, की दार लोटून पलीकडच्या खोलीत गप्पा मारायच्या, हे बुकिंगच्या दिवशीच ठरून गेलेलं असतं.

म्हणून माझं मत सुरुवातीलाच सांगते. ठाण्याहून किंवा नवी मुंबईहून असा सहा जणांचा ग्रूप निघत असेल, तर जास्तीचे पैसे बाल्कनीपेक्षा दोन केबिनमधल्या दारावर घालावेत. कुठल्या परिस्थितीत हे मत बदलेल, तेही पुढे सांगते.

मूलसुद्धा एक प्रवासी

घरात आपण म्हणतो, "त्याला कुठे वेगळी जागा लागते, आमच्यातच झोपेल." बोटीवर हे चालत नाही. कडेवरचं मूलही केबिनच्या माणसांत मोजलं जातं, कारण लाइफबोटीतली जागा माणशी धरलेली असते. दोघांच्या केबिनमध्ये आई-बाबा आणि बाळ बसत नाहीत. तिघांची केबिनच लागते. एकाच आकाराच्या दोन केबिनपैकी एक दोघांची आणि एक चौघांची असू शकते, म्हणून नुसत्या चौरस फुटांवर जाऊ नका. बहुतेक कंपन्या सहा महिन्यांखालच्या बाळाला घेतच नाहीत, आणि मध्ये बंदर न लागणाऱ्या लांब सफरींना ही अट बऱ्याचदा एक वर्षाची असते.

भाड्याची रीत अशी की केबिनमधल्या पहिल्या दोघांना पूर्ण भाडं आणि तिसऱ्या-चौथ्याला बरंच कमी. यामुळेच 'चौघं एका केबिनमध्ये' हा पर्याय कागदावर स्वस्त दिसतो.

चौघांची एक आणि दोघांची एक

सहा जणांसाठी सगळ्यांत स्वस्त पर्याय हा. आई-बाबा, बाळ आणि आत्या चौघांच्या इनसाइड केबिनमध्ये, आजी-आजोबा दुसरीकडे. इनसाइड केबिन साधारण १२० ते १८० चौरस फुटांची असते, म्हणजे ठाण्यातल्या जुन्या वन-बीएचकेची बेडरूम धरा, आणि त्यातच बाथरूम व कपाट. तिसरा-चौथा पलंग छतातून किंवा भिंतीतून खाली येतो. वर शिडीने चढायचं असतं. लहान मुलाला वर झोपवायची सोय नाही, आजी-आजोबांचे गुडघे शिडीला तयार नसतात, मग वर जाणार आत्याच. रात्री अकराला ती परत येते तेव्हा खाली बाळ झोपलेलं. शिडी ओढायची, दिवा लावायचा, बाथरूमचं जड दार उघडायचं. तीन-चार रात्री असं काढणं सगळ्यांच्याच सहनशक्तीची परीक्षा असते.

शिवाय पाळणा. बोटीवर मागितला तर घडीचा पाळणा बहुधा फुकट मिळतो, पण संख्या मोजकी असल्याने बुकिंग करतानाच सांगून ठेवावं लागतं. तो मांडला की जमीन संपते. घडीची बाबागाडीही आतच ठेवावी लागते, कारण आगीच्या नियमांमुळे कॉरिडॉरमध्ये काही ठेवू देत नाहीत. मुंबईहून सुटणाऱ्या दोन रात्रींच्या गोवा फेरीला हे निभावून जाईल. त्याहून मोठ्या सफरीला हा पर्याय मी कुणाला सुचवणार नाही.

इनसाइडचा एक गुण मात्र आईवडिलांना लगेच पटेल: पडदा ओढायची गरज नाही इतका काळोख. भर दुपारी मूल गाढ झोपतं आणि पहाटे उजाडल्यामुळे उठत नाही. रात्री डायपर बदलायला छोटा नाइट लॅम्प सोबत ठेवा. पुष्कळ बोटींच्या टीव्हीवर बोटीच्या पुढच्या कॅमेऱ्याचं थेट दृश्य दाखवणारा चॅनेल असतो. आवाज बंद करून तो लावून ठेवला तर मंद उजेडही मिळतो आणि सकाळ झाली का तेही कळतं.

खिडकीची केबिन

या पर्यायाकडे लोक उगाच दुर्लक्ष करतात. खिडकी उघडत नाही, आणि दीड वर्षाच्या मुलासाठी हाच तिचा मोठा गुण. उजेड येतो, लाटा दिसतात, जाड पडदा ओढला की दुपारची झोपही होते. काही बोटींवर खिडकीचा कठडा एवढा खोल असतो की मुलाला जवळ धरून तिथे बसवता येतं, आणि अर्धा तास पाणी बघण्यात सहज जातो.

यातच एक स्वस्त प्रकार मिळतो, 'ऑब्स्ट्रक्टेड व्ह्यू', म्हणजे खिडकीसमोर लाइफबोट टांगलेली. फोटो काढणाऱ्यांना तो नको असतो. आपल्याला उजेड हवा असतो आणि तो मिळतो. बजेट घट्ट असेल तर आई-बाबा आणि बाळ यांच्यासाठी हा फार चांगला सौदा आहे.

बाल्कनी: हट्ट समजतो, पण

"वहिनी, एवढं जातोय तर बाल्कनी घेऊच," असं ग्रूपमध्ये कुणीतरी म्हणतंच. त्यात चूक काही नाही. मूल आत झोपलेलं आणि आई-बाबा बाहेर समुद्राकडे बघत बसलेले, हे सुख खरंच मोठं आहे. एकाच केबिनमध्ये राहायचं असेल तर बाल्कनी ही दुसरी खोलीच ठरते.

आता दुसरी बाजू. बाल्कनीचा कठडा साधारण मीटरभर किंवा थोडा जास्त उंच असतो. मोठ्यांसाठी तो पुरेसा आहे. पण बाल्कनीत खुर्च्या आणि छोटं टेबल असतं, आणि या वयाच्या मुलाला खुर्ची ढकलत नेऊन चढता येतं. मूल जागं असताना बाल्कनीचं दार कुलूपबंद आणि बाहेर गेलं तर मोठ्या माणसाचा हात धरूनच, हा नियम घरातल्या प्रत्येकाने, लाड करणाऱ्या आजोबांनीही, पाळायला हवा. केबिन घेताना वरच्या बाजूला वेगळी कडी आहे का हे विचारा. वाऱ्याचंही भान ठेवा. बाल्कनीचं दार उघडं असताना कुणी कॉरिडॉरचं दार उघडलं की वाऱ्याच्या दाबाने ते जोरात आपटतं, आणि दाराच्या फटीत बोटं घालायचं हेच वय.

बाळाचे कपडे बाल्कनीत वाळवू म्हणाल तर तेही नाही. कठड्यावर काही टाकायला मनाई असते.

तुमचं मूल सतत चढाचढी करणारं असेल तर बाल्कनी आजी-आजोबांना द्या. कॉरिडॉरच्या एका बाजूला त्यांची बाल्कनी आणि बरोबर समोर आई-बाबांची इनसाइड, अशी जोडी बऱ्याच बोटींवर मिळते. दिवसा सगळे बाल्कनीत, बाळाची झोप समोरच्या काळोखात. दोन बाल्कन्यांपेक्षा पैसेही कमी लागतात.

दार असलेल्या दोन केबिन

कनेक्टिंग केबिन म्हणजे दोन स्वतंत्र केबिन आणि मध्ये आतून दार. एकीकडे आई-बाबा आणि बाळ, दुसरीकडे आजी-आजोबा आणि आत्या. दोन्ही तिघांच्या हव्यात. आत्यासाठी सोफा-कम-बेड असेल तर शिडीचाही प्रश्न मिटतो.

दोन बाथरूम मिळतात, हा फायदा ज्यांनी सकाळी सहा माणसं आणि एक बाथरूम असं चित्र घरी पाहिलंय त्यांना समजावून सांगायला नको. मूल एका खोलीत झोपलं की सगळे दुसरीकडे. आई-बाबा रात्री शो बघायला गेले तर आजीला स्वतःच्या पलंगावरून उठायचीही गरज नाही. दार अर्धवट उघडं ठेवलं की झालं. जमीनही दुप्पट, आणि पळणाऱ्या मुलाला ती लागते.

तोटे दोन. मधल्या दारातून आवाज साध्या भिंतीपेक्षा जास्त येतो. आपलीच माणसं पलीकडे असल्याने इथे ते चालतं. दुसरा तोटा मोठा: अशा जोड्या प्रत्येक बोटीवर मोजक्याच असतात आणि लवकर संपतात.

इथे एक गोंधळ हमखास होतो. 'शेजारच्या केबिन देतो' असं म्हटलं की आपण खूश होतो. शेजारची केबिन म्हणजे फक्त पुढचा नंबर. मध्ये दार असेलच असं नाही. बुकिंगच्या कागदावर 'कनेक्टिंग' हा शब्द आणि दोन्ही केबिनचे नंबर लिहून घ्या. 'गॅरंटी केबिन' नावाचा स्वस्त प्रकारही या ग्रूपने घेऊ नये. त्यात केबिनचा फक्त वर्ग ठरतो, नंबर कंपनी नंतर देते, आणि आजी एका डेकवर तर नात दुसऱ्यावर अशी वेळ येऊ शकते.

स्वीटचं काय?

स्वीटमध्ये, म्हणजे सगळ्यांत मोठ्या आणि महाग केबिनमध्ये, जागा ऐसपैस, कधी बाथटबही. टबचं महत्त्व कमी समजू नका. साध्या केबिनमध्ये अरुंद शॉवर असतो आणि त्यात या वयाच्या मुलाला अंघोळ घालणं म्हणजे आपलीही अंघोळ. पण बऱ्याच स्वीटमध्ये बसायची आणि झोपायची जागा फक्त पडद्याने वेगळी केलेली असते. पडदा आवाज अडवत नाही. खरी भिंत आणि दार असलेली स्वीट परवडत असेल तर जरूर घ्या. नसेल, तर त्या पैशांत दोन कनेक्टिंग केबिन जास्त कामाच्या.

केबिन बोटीवर कुठे आहे

खरं तर प्रकाराइतकीच जागाही महत्त्वाची. बोट मधोमध आणि खालच्या डेकवर सगळ्यांत कमी डोलते. दोन वर्षांखालच्या मुलांना बोट लागण्याचा त्रास सहसा कमी होतो. दोन ते बारा या वयात तो जास्त. म्हणजे मधल्या केबिनची गरज बाळापेक्षा आजीला असण्याची शक्यता अधिक. पोटात ढवळतं म्हणून घरातली उलटीची गोळी अर्धी करून मुलाला देऊ नका. प्रोमेथाझिन असलेल्या गोळ्या दोन वर्षांखालच्या मुलांना द्यायच्या नसतात. निघण्याआधी बालरोगतज्ज्ञांना विचारून औषध घ्या.

डेकचा नकाशा उघडून वरचा आणि खालचा डेक बघा. वर स्विमिंग पूल किंवा बुफे असेल तर पहाटेपासून खुर्च्या ओढल्याचा आवाज, खाली थिएटर किंवा डिस्को असेल तर रात्री उशिरापर्यंत ठणाणा. वर-खाली केबिनच असलेली केबिन निवडा. लिफ्टपासून चार-सहा दारं दूर असावी, अगदी समोर नको. बाबागाडी घेऊन दिवसातून अनेकदा फेऱ्या होतील, कारण दूध-पाण्याची सोय खोलीत होत नाही. इलेक्ट्रिक किटली, इंडक्शन, छोटा कुकर यांवर आगीच्या भीतीने बहुतेक बोटींवर बंदी असते. थर्मास न्या आणि गरम पाणी बुफेतून भरून आणा. मऊ भात, वरण, उकडलेला बटाटा हे सांगितलं तर स्वयंपाकघरातून मिळू शकतं. केबिनमध्ये फ्रिज आहे का हे मात्र आधी विचारा. प्रत्येक वर्गात तो नसतो.

मुंबईहून की सिंगापूरहून

मुंबईत बॅलार्ड पिअरहून सुटणारी कॉर्डेलिया या क्रूझ कंपनीची 'एम्प्रेस' १९९० साली फ्रान्समध्ये बांधलेली बोट आहे. त्या काळच्या बोटींवर बाल्कन्या थोड्याच असत, त्यामुळे तिच्यावर बहुतांश केबिन इनसाइड किंवा खिडकीच्या आहेत. इथे बाल्कनीसाठी अडून बसू नका. खिडकीच्या कनेक्टिंग केबिन शोधा. सिंगापूरच्या मरीना बे क्रूझ सेंटरहून सुटणाऱ्या नव्या मोठ्या बोटींवर बाल्कन्यांची रेलचेल असते, तिथे बाल्कनीची कनेक्टिंग जोडी मिळण्याची शक्यता चांगली. पण मुलासोबत साडेपाच-सहा तासांचा विमानप्रवासही त्यात धरा.

लक्षद्वीपची सफर असेल तर माझं मत थोडं बदलतं. तिथे मोठी बोट बेटाला लागत नाही, खोल पाण्यात उभी राहते आणि छोट्या होडीतून बेटावर जावं लागतं. लाटांवर हलणाऱ्या होडीत मुलाला घेऊन उतरणं सगळ्यांना जमेल असं नाही, मग कुणीतरी बाळासोबत मागे राहणार आणि दिवसभर केबिनमध्ये असणार. अशा सफरीला खिडकी तरी हवीच, आणि पैसे असतील तर एक बाल्कनीही सार्थकी लागते.

ठाण्याहून पूर्व द्रुतगती महामार्ग आणि ईस्टर्न फ्रीवेने, किंवा उलवे-पनवेलहून अटल सेतूने शिवडीला उतरून फ्रीवेने बॅलार्ड पिअर गाठणं सोपं आहे. अडचण वेळेची. तपासणी दुपारच्या सुमारास आणि केबिन ताब्यात येते त्यानंतर, म्हणजे नेमकी बाळाच्या झोपेची वेळ. पाठ पूर्ण आडवी होणारी हलकी बाबागाडी हाताशी ठेवा. केबिनचं दार अरुंद असतं, म्हणून त्याची रुंदी बुकिंगच्या वेळी विचारून घ्या.

कनेक्टिंग जोडी तुमच्या तारखेला उरली नसेल तर आधी पुढच्या तारखांची चौकशी करा. साधारण ऑक्टोबर ते मे या काळात मुंबईहून फेऱ्या असतात, आणि शाळेत न जाणाऱ्या मुलासाठी दिवाळीची किंवा मेची गर्दीच गाठायचं कारण नाही. तारीख हलवता येत नसेल तर समोरासमोरची बाल्कनी-इनसाइड जोडी मागा, आणि तीही नसेल तर खिडकीच्या शेजारशेजारच्या दोन केबिन.