मुलांच्या दुधातली चॉकलेटी पावडर: बरणी फिरवून पाहिल्यावर

दूध नको म्हणणारं पोर या पावडरीने पेला रिकामा करतं. वास छान, चव छान, शिवाय लोह, ड आणि बी-१२ जीवनसत्त्वं वरून घातलेली. एवढं श्रेय द्यायलाच हवं. तरीही मुलाचं वजन उंचीच्या मानाने भराभर वाढत असेल, तर घरात आधी हीच बरणी तपासावी. बिस्किटं, वेफर्स किती झाले यावर आईचं लक्ष असतं. ही पावडर पौष्टिक म्हणून हिशेबातच धरली जात नाही.

बरणी फिरवा आणि मागचा तक्ता वाचा. माल्टच्या (मोड आणून वाळवलेल्या धान्याच्या) चॉकलेटी पावडरींमध्ये १०० ग्रॅममागे साधारण ३० ते ३७ ग्रॅम वरून घातलेली साखर असते. म्हणजे अर्ध्या किलोच्या बरणीत दीडशे ग्रॅमच्या वरच. तेवढी साखर आमटीच्या वाटीत ओतली, तर वाटी जवळजवळ भरते. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते, तेव्हा साखर कितव्या नंबरवर आहे ते बघा. माल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्चपासून केलेली पावडर) दिसलं तर तेही लक्षात घ्या. ते साखरेच्या ओळीत धरत नाहीत, पण पोटात गेल्यावर त्याचं ग्लुकोज झटपट होतं.

आता टक्क्यांचा रकाना. एका वेळच्या २० ग्रॅम पावडरीत साडेसहा ग्रॅम साखर असेल, तर तिथे १३ टक्के छापलेलं दिसतं आणि आपण निर्धास्त होतो. हे टक्के मोठ्या माणसाचे आहेत: दिवसाला २००० कॅलरी आणि ५० ग्रॅम साखर धरून काढलेले. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२० च्या तक्त्यात चार ते सहा वर्षांच्या मुलाची गरज १३६० कॅलरी आहे. जागतिक आरोग्य संघटनेची साखरेची मर्यादा एकूण कॅलरींच्या १० टक्के, म्हणजे ३४ ग्रॅम. आणि शक्य तर ५ टक्के, म्हणजे १७ ग्रॅम. दोन वेळच्या पेल्यांतून पावडरीची १३ ग्रॅम जाते. त्यावर दोन्ही पेल्यांत घरची चमचा-चमचा (५-५ ग्रॅम) साखर पडली की २३. दुधातली मूळची साखर या मर्यादेत धरत नाहीत, पण डब्यातला जॅम, मधल्या वेळचं बिस्किट अजून व्हायचंय.

खरा घोटाळा चमच्यात आहे. पाकिटावर ग्रॅम लिहिलेले असतात आणि घरात हाताला लागतो तो पोहे खायचा चमचा, तोही शीग लावून. एकदा स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर वाटी ठेवून नेहमीसारखे दोन चमचे घाला. आकडा पाहून बहुतेक घरांत तिथल्या तिथे चमचा बदलला जाईल. दुधाचंही तसंच. फुल क्रीममध्ये ६ टक्के फॅट, टोन्डमध्ये ३. दोनशे मिलि.च्या पेल्यात त्याने साधारण ६० कॅलरींचा फरक पडतो. दोन वर्षांवरच्या, वजन वाढलेल्या मुलाला टोन्ड दूध पुरतं.

‘हेल्थ ड्रिंक’ या शब्दावर विसंबू नका. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्यात तशी व्याख्याच नाही. म्हणूनच एप्रिल २०२४ मध्ये केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन दुकानांना अशी पेयं ‘हेल्थ ड्रिंक’ विभागातून काढायला सांगितलं.

सवय एका दिवसात तोडायला गेलात तर मूल दूधच सोडतं. आधी वरची साखर बंद करा. मग दर आठवड्याला पावडर ५ ग्रॅमने कमी करा: २०, १५, १०, ५. रंग आणि वास हवाच असेल तर शेवटच्या टप्प्यात बिनसाखरेचा कोको पाव चमचा घाला. तो कडू असतो, जास्त झाला की पेला परत येतो. बरणी वरच्या फळीवर ठेवा, कारण ही पावडर कोरडीच चमच्याने खाणारी मुलं खूप आहेत.

पावडरीऐवजी आमची पसंती मोड आलेल्या नाचणीच्या पिठाला. नाचणी रात्रभर भिजवा, फडक्यात बांधून दिवसभर ठेवा, सावलीत खडखडीत वाळवा, मंद आचेवर भाजून दळा. ओल राहिली तर पिठाला कुबट वास येतो, जास्त भाजली तर कडवट लागते. दोन चमचे पीठ आधी गार पाण्यात कालवा, शिजवा, मग दूध घाला. थेट गरम दुधात टाकलंत तर गुठळ्या होतात आणि मूल पुन्हा नाचणीकडे बघत नाही. बाळासाठी सत्त्व गाळतात ते ठीक, पण पाच वर्षांच्या मुलासाठी गाळू नका, कोंडा पोटात जाऊ दे. गोडीला अर्धी खारीक पुरे.

आणि पेल्याची वेळ बदला. संध्याकाळी मैदानावर जायच्या आधी पेलाभर घट्ट दूध पाजलं की पोट जड होतं आणि मूल कट्ट्यावर बसून राहतं. जाताना अर्धं केळं द्या, आल्यावर आधी पाणी, मग दूध. पाच वर्षांपुढच्या मुलांना रोज सरासरी तासभर धाप लागेल अशी हालचाल हवी. लगोरी, खो-खो, दोरीउड्या, काहीही चालेल. तो तास तुकड्यातुकड्याने झाला तरी चालतो.

मग चॉकलेटी पावडर विकत घ्यावी का? मूल अगदीच कृश असेल, दुधाला शिवत नसेल आणि डॉक्टरांनी सांगितलं असेल, तर मोजून १० ग्रॅम, दिवसातून एकदा. त्यातही १०० ग्रॅममागे सर्वांत कमी साखर असलेली निवडा आणि मोठ्या बरणीऐवजी लहान पाकीट घ्या.